‘एकत्रित संपर्क’ की आणखी काही?

तळटीप: गरोदर बायकांसाठीच्या पत्रकाचा अनुवाद करतेय. विषय: हॉर्मोनांच्या कामात लुडबुड करणाऱ्या रसायनांच्या ‘कम्बाइन्ड एक्स्पोझर’मुळे, म्हणजे अशी अनेक रसायनं मिळून शरीरात गेल्यामुळे, येणारी जोखीम कशी ठरवतात. ‘एकत्रित संसर्ग’ लिहिलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, संसर्ग म्हणजे ताप-खोकला. ‘संपर्क’ लिहिलं, तर नर्सने विचारलं, “म्हणजे हात लावायचा नाही का?” थॅलेट मऊ प्लास्टिकमधून, बीपीए डब्याच्या आतल्या लेपातून, पॅराबेन क्रीममधून. तोंडावाटे, नाकावाटे, कातडीवाटे. एक शब्द सुचवा.

पोथीवाला: आधी हॉर्मोन काढा, ‘संप्रेरक’ घाला. शाळेत तोच शिकवतात.

चहाटळ: शाळेत शिकवतात आणि दवाखान्यात सगळे हॉर्मोन म्हणतात. थायरॉइडच्या गोळीला संप्रेरकाची गोळी म्हणणारी बाई दाखवा, जेवण माझ्याकडून.

पोथीवाला: ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने 1905 साली हॉर्मोन हा शब्द वापरला तो ग्रीकवरून, अर्थ ‘चालना देणारा’. संप्रेरक म्हणजे तेच. आपला शब्द असताना उसना कशाला?

गवतीचहा: ‘लुडबुड’ मात्र झकास आहे. पत्रकात तोच ठेवा.

वैद्यबुवा: आयुर्वेदात ‘दूषीविष’ आहे. मंद झालेलं, अंगात मुरून राहिलेलं, वर्षांनी उठणारं विष. याहून नेमकं काय हवं?

सांख्यिकी: नेमकं नाही. थॅलेट, बीपीए बहुतांशी दिवसाभरात लघवीवाटे निघून जातात, पण रोज नव्याने आत येत राहतात. मुरणारं म्हणजे डीडीटी हे कीटकनाशक, किंवा विजेच्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलातली पीसीबी. ती चरबीत साठतात. शिवाय इथला मुद्दा साठण्याचा नाहीच, अनेक मिळून येण्याचा आहे. 2002 साली लंडनमधल्या संशोधकांनी इस्ट्रोजेन या हॉर्मोनसारखी वागणारी आठ रसायनं यीस्टवर तपासली. प्रत्येक इतकं थोडं की एकट्याचा परिणाम दिसू नये, पण आठ मिळून दिसला.

वैद्यबुवा: मग ‘गरविष’ घ्या. ते संयोगातूनच होतं.

सांख्यिकी: संयोगातून नवं विष तयार होत नाही हो, बेरीज होते. आठ दुकानांत थोडी थोडी उधारी असते तसं. प्रत्येक वाणी म्हणतो, “तुमचं खातं मर्यादेत आहे.” घरी बायको बेरीज करते. मोजण्याची एक रीतही तीच: प्रत्येक रसायनाचं शरीरात जाणारं प्रमाण भागिले त्याची सुरक्षित मर्यादा, मग सगळ्यांची बेरीज. चार रसायनं प्रत्येकी 0.3 असली तरी 1.2, एकच्या वर गेलं की काळजी. मर्यादाही जागेवर राहत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची मर्यादा 2023 मध्ये 20,000 पटींनी खाली आणली.

तळटीप: उधारी पत्रकात घेतेच. पण एक्स्पोझरचं काय?

गवतीचहा: ‘अंगात जाणं’ लिहा ना. “सगळं मिळून अंगात जातं किती.”

पोथीवाला: ही काय परिभाषा झाली? ‘एकत्रित उद्भासन’.

चहाटळ: उद्भासन वाचून बाई प्रसूत होईल तिथेच.

पोथीवाला: टिंगल पुरे. मूळ वाक्यात ‘जोखीम’ आहे, तो तरी आपला. जोखणे वरून जोखीम. जोखायची ती जोखीम.

रानमेवा: नाही, तो ‘योगक्षेम’वरून आलाय असं वाचलंय. आणि आमच्याकडे जोखीम म्हणजे दागिने. आजी एसटीत बसताना बजावायची, “जोखीम अंगावर घालून जाऊ नकोस.”

गवतीचहा: आमच्याकडेही! लग्नाला निघताना “जोखीम कुणाकडे दिलीस?”

पोथीवाला: ते लक्षणेने. दागिन्यांना धोका, म्हणून दागिने जोखीम.

रानमेवा: उलटंही असेल. सांभाळायला दिलेली वस्तू आधी, धोका नंतर.

तळटीप: पत्रक परवा छापायला जातंय. ‘सगळं मिळून अंगात जातं किती’ लिहू का?

रानमेवा: लिहा. बाय द वे, सोलापूरकडे जोखीमला काय म्हणतात?