रविवारची रॅली : बॅनरवर काय लिहायचं?

सेक्रेटरी (ए-201), शुक्रवार संध्या. 6.40
सर्व सभासदांना नमस्कार 🙏
रविवार दि. 25 जानेवारी, राष्ट्रीय मतदार दिन. आपल्या रस्त्यावरच्या सोसायट्या आणि ज्येष्ठ नागरिक मंडळी मिळून लोकशाही आणि मानसिक आरोग्य या विषयावर पायी रॅली काढतोय. सकाळी 7 ला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर (गोल्फ क्लब) जमायचं. तिथून त्र्यंबक नाका, सीबीएस, शिवाजी रोडने शालिमारला बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत. पोलिसांची परवानगी मिळाली आहे. कोणत्याही पक्षाचा झेंडा, गमछा आणू नये. नंतर चहा-पोहे.
आपल्याकडे दोन बॅनर आहेत. मजकूर असा धरलाय :
मन सांभाळा, मतदान टाळू नका
शहाणा रांगेत उभा राही, वेडा घरी बसून पाही
उद्या दुपारी फ्लेक्सवाल्याकडे टाकतो.

बी-104, 6.52
छान. पोह्यांचं माझ्याकडे लागलं. किती जण येणार तेवढं उद्या रात्रीपर्यंत कळवा.

ए-403, 7.05
ग्रुपवर राजकारण नको असं आपणच ठरवलंय ना? आणि हे दोन विषय एकत्र का? मतदानाची रॅली वेगळी, डिप्रेशनची वेगळी. एकात एक घातलं की दोन्हीकडे लक्ष लागत नाही.

ए-502 (आप्पा), 7.21
राजकारण कसलं? 25 जानेवारी 1950 ला निवडणूक आयोग स्थापन झाला, म्हणून 2011 पासून हा दिवस पाळतात. मार्च 2022 ला नाशिक महापालिकेची मुदत संपली, तेव्हापासून वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत होते. आपल्या मागच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं तर कोणाच्या दारात जायचं तेच कळत नव्हतं. मी चार अर्ज दिले होते, पोचपावत्या अजून फाईलला आहेत. आपला माणूस निवडून गेलेला नसला की काय होतं ते आपण सगळ्यांनी नाक दाबून बघितलंय. मी येणार.

बी-203, 7.30
मला मार्चमध्ये 18 पूर्ण होतात. माझं नाव लागेल का आता?

ए-502 (आप्पा), 7.34
लागेल. 17 पूर्ण झाल्यावर फॉर्म 6 आधीच भरता येतो. 18 पूर्ण झाले का ते बघायला आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. तू 1 एप्रिलच्या यादीत बसशील. भाड्याने राहून पत्ता बदललेल्यांनी फॉर्म 8 भरावा. अडलं तर 1950 वर फोन करा.

सी-304, 8.48
सेक्रेटरी साहेब, दोन तास हा मेसेज लिहून खोडतेय. दुसरा बॅनर छापू नका, एवढीच विनंती आहे. का ते सांगते.
माझा धाकटा भाऊ गेली सहा वर्षं आमच्याकडे राहतो. लिफ्टमध्ये तुम्ही सगळ्यांनी त्याला पाहिलंय, संध्याकाळी तो खाली झाडांना पाणी घालतो. त्याला सिझोफ्रेनिया आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुरू झालं. मी ग्रुपवर आजवर हे लिहिलं नाही, विचारलं तर ‘तब्येत बरी नसते’ एवढंच सांगत आले.
20 मे 2024, लोकसभेचं मतदान. त्याने आदल्या दिवशी स्वतः शर्टाला इस्त्री केली. मतदार ओळखपत्र तो गोळ्यांच्या डब्यातच ठेवतो, म्हणजे हरवत नाही. ऊन टळटळीत, रांग मोठी, तो हळू आवाजात स्वतःशी बोलायला लागला. गर्दीत त्याचं तसं होतं. मागच्या एका गृहस्थांनी मोठ्याने विचारलं, ‘यांना कशाला आणलं? वेड्याचं मत धरतात का?’ रांगेतले दोघं-तिघं हसले. एकजण म्हणाला, डॉक्टरचं सर्टिफिकेट लागत असेल. मला कायदा माहीत नव्हता, मी गप्प बसले. भाऊ म्हणाला, ‘ताई, चल घरी.’ आम्ही मत न देता परत आलो. शर्ट त्याने तसाच घडी करून ठेवला.
मी गप्प बसले याचं मला आजही वाईट वाटतं.
पुढे डी-402 च्या वकील ताईंना विचारलं. त्यांनी कलम काढून दिलं. त्याची झेरॉक्स पर्समध्ये घालून 20 नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाला गेलो. त्याच शर्टात. कोणी काही विचारलं नाही, झेरॉक्स काढावीही लागली नाही. घरी आल्यावर तो आठ दिवस बोटाची शाई बघत होता, भांडी घासताना डावा हात बाजूला धरायचा.
आता रविवारी तो रॅलीत येणार आणि त्याच्या डोक्यावर आपल्याच सोसायटीचा बॅनर ‘वेडा घरी बसून पाही’?

(8.55 : ए-403 यांनी मेसेज हटवला)

सेक्रेटरी (ए-201), 9.10
ताई, माफी असावी. यमक जुळलं एवढंच बघितलं. तो बॅनर रद्द.

डी-402, 9.18
ए-403 काकांनी विचारलं होतं की दोन विषय एकत्र का. कायद्यातच ते एकत्र आले आहेत. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950, कलम 16. मानसिक कारणावरून मतदार यादीत अपात्र ठरवायचं तर सक्षम न्यायालयाने त्या व्यक्तीला तसं घोषित केलेलं असावं लागतं. डॉक्टरची चिठ्ठी, चालू असलेल्या गोळ्या, शेजाऱ्यांचं म्हणणं, यावर कोणाचंही मत जात नाही. 2019 च्या लोकसभेला चेन्नईच्या कीलपॉक मनोरुग्णालयाच्या आवारात मतदान केंद्र होतं, तिथल्या शंभरावर रुग्णांनी मत दिलं.
दुसरा कायदा 2017 चा, मानसिक आरोग्य सेवेचा. सरकारी खर्चाच्या सेवेतून उपचार मिळणं हा हक्क आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे. आणि कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच आधी धरायचं, तिला शिक्षा करायची नाही.

बी-303, 9.31
विम्याचं खरं आहे. मिसेसच्या ॲडमिशनचा क्लेम आधी ‘मानसिक आहे, बसत नाही’ म्हणून परत आला होता. लेखी तक्रार केली, कलम 21 लिहिलं, मग पास झाला. कोणाला कागद करायचे असतील तर मी बसवून देईन. आज पहिल्यांदाच इथे लिहितोय.

डी-101, 9.40
मी नर्सिंगमध्ये आहे. निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. आपल्याकडे 170 मतदार धरले तर 18 जण. म्हणजे प्रत्येक जिन्यात कोणीतरी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. बॅनरवर तो मोठ्या अक्षरात घ्या.

ए-403, 9.58
मगाशी घाईत लिहिलं ते काढून टाकलं. ताई, त्या दिवशी मी त्याच रांगेत पुढे होतो. हसलो नव्हतो, पण मागे वळून बघितलं आणि परत पुढे तोंड केलं. रविवारी मी तुमच्या भावाबरोबर चालेन, त्याला चालणार असेल तर.

सी-304, 10.06
विचारते काका. आणखी एक अडचण आहे. रात्रीच्या गोळीने त्याला सकाळी साडेआठपर्यंत नीट जाग येत नाही. 7 ला अशी गोळी घेणारं कोणीच येऊ शकणार नाही, आणि रॅली त्यांच्याचसाठी आहे.

सेक्रेटरी (ए-201), 10.15
हे लक्षातच आलं नाही. परवानगी 7 ते 11 आहे. बाकी सोसायट्यांशी आत्ता बोललो, 9.30 ला निघायचं. अंतर फार नाही, वेळेत पोचू. तेवढी थंडीही कमी झालेली असेल, आप्पांना बरं.

डी-402, 10.22
मग दुसऱ्या बॅनरवर काय?

सी-304, 10.41
भावाला विचारलं. तो म्हणाला, ‘उपचार चालू आहेत, मतदानही चालू आहे.’

बी-203, 10.42
हेच घ्या!!

ए-502 (आप्पा), 10.44
हेच.

सेक्रेटरी (ए-201), शनिवार दुपारी 1.20
दोन्ही बॅनर टाकले. दुसऱ्यावर भाऊंचं वाक्य, खाली 14416 आणि 1950. फ्लेक्सऐवजी कापडी करून घेतले, पुढच्या वर्षीही कामाला येतील.

सी-304, शनिवार रात्री 9.05
बी-104, पोह्यांत आमचे दोन धरा. ए-403 काका, तो हो म्हणाला, फक्त म्हणतोय की रस्त्याच्या कडेने चालू, ढोल असेल तिथे नको. शर्टाला इस्त्री करून झाली.

ए-403, 9.07
कडेनेच चालू. 9 ला तुमच्या दाराशी येतो.