दीडपट डोसने मामा मरतो म्हणे!

भातगहू: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘गव्हातलं गुल्लीडंडा तण, म्हणजे आपला मामा, क्लोडिनाफॉप या तणनाशकाने मरत नसेल तर डोस दीडपट करा, प्रतिकारकता (तणाला औषध न लागणं) ही कंपन्यांची थाप.’ अहो, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाचं हेच झालं. डोस वाढले, गव्हाचा मामा हिरवाच. गहू जसं ते औषध पचवतो तसंच मामाही पचवायला शिकला होता. मग क्लोडिनाफॉप, सल्फोसल्फ्युरॉन आली. पुढे त्यांनाही तो दाद देईना. आपल्या ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याच्या भात-गहू पट्ट्यात दरसाल एकच डबा उघडाल तर वेगळं काय होणार? दीडपटीने गहू पिवळा पडेल आणि बी धरेल सगळ्यात चिवट मामा.

लष्करचा तात्या: थाप मीच म्हटलं होतं, नाव घ्या की! आधी फवारणी बघा. क्लोडिनाफॉपची १५ टक्क्यांची पावडर एकरी १६० ग्रॅम, पाणी १५० लिटर. म्हणजे १६ लिटरचे नऊ-दहा पंप. मजूर सहा पंपांत एकर उरकतो, तेही गोल फवाऱ्याच्या नोझलने, झाडू मारल्यासारखा हात हलवत. पट्टे सुटले की म्हणायचं प्रतिकारकता!

पंपवाला: तात्यांना शंभर टक्के पाठिंबा. गोल फवारा किडीच्या औषधाला. तणनाशकाला फ्लॅट फॅन, म्हणजे चपटा फवारा, आणि नोझल एका उंचीवर धरून सरळ चाल. शिवाय लोक रुंद पानांच्या तणाचं २,४-डी त्याच टाकीत ओततात, त्याने क्लोडिनाफॉपची धार जाते. आठवडाभराचं अंतर ठेवा.

भातगहू: नोझल, नोझल! विषय तणाचा चालला होता. शेतात वाकून बघा. बुडाशी लालसर, तोडल्यावर गुलाबी रस, तो मामा. सरळ पट्ट्यात उरला असेल तर तात्यांचं खरं, मान्य. पण जंगली जई, हे दुसरं तण, वाळली आणि तिला खेटून मामा हिरवागार, किंवा एकाच जागी एक मेलेला नि एक ताजा, हे नोझल करत नाही.

माळवी माती: आमच्या इंदूरकडे सोयाबीन-गहू, मामा तुमच्याइतका माजत नाही. पिनॉक्साडेन हे दुसरं तणनाशक मारून मोकळे व्हा ना, एवढी भांडणं कशाला?

भातगहू: घ्या! पिनॉक्साडेन आणि क्लोडिनाफॉप एकाच गटातले. डबा बदलला, घाव तिथेच. सल्फोसल्फ्युरॉनचा गट वेगळा, पण त्याच्यामागे मका-ज्वारी पेरू नका. खरा मार उगवणीआधीच द्यायचा: पेरणीनंतर तीन दिवसांत, ओल असताना, पेंडिमेथॅलिन ३० ईसी एकरी १.३ लिटर, २०० लिटर पाण्यात. नरवाई (कापणीनंतर उरलेली धसकटं) जाळलेल्या रानात मात्र राखच ते शोषून घेते. आणि एखादं वर्ष गव्हाऐवजी बरसीमचा चारा घ्या. कापण्या होत राहिल्या की मामाला बी धरायला सवड मिळत नाही.

पंपवाला: नरवाईवर घसरलात? भात कापल्यावर पेरणीला दिवस किती उरतात, ते जाळणाऱ्याला विचारा!

लष्करचा तात्या: बरं बाबा, दीडपट मागे घेतला. नोझलचं मात्र मागे घेणार नाही. आणि बरसीमच्या बियांतून कासनीचं तण येतं, तिच्यासाठी कोणता गट?

भातगहू: मिठाचा! दहा टक्के द्रावणात बी टाका, कासनी तरंगते. ती काढा, खालचं बी साध्या पाण्याने धुवा. आणि तात्या, मीठ दीडपट नको.