मदत हवी आहे: पक्षाघातानंतर पेडलिंग करताना दुबळा पाय खरोखर किती काम करतो, हे कसे ओळखावे?

नमस्कार.

माझ्या वडिलांना (वय ६७) गेल्या वर्षी मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झाला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. आता ते काठी घेऊन घरातल्या घरात चालतात, बोलणे स्पष्ट आहे आणि रक्तदाब औषधांनी आटोक्यात आहे. मात्र चालताना डावा गुडघा पुरेसा वाकत नाही, त्यामुळे तो पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे टाकावा लागतो. फिजिओथेरपिस्टनी खुर्चीत बसून चालवायचे पेडलचे यंत्र सुचवले, हृदयरोगतज्ज्ञांनीही होकार दिला आणि तेव्हापासून हा व्यायाम नेमाने चालू आहे.

अडचण अशी आहे की दोन्ही पेडल एकाच दांड्याला जोडलेली असल्यामुळे उजवा पाय खाली दाबला की डावा आपोआप वर उचलला जातो. यंत्राच्या पडद्यावर फेरे, वेळ आणि कॅलरी दिसतात, पण कोणत्या पायाने किती जोर लावला याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. फेरे वाढत आहेत याचा बाबांना फार आनंद आहे आणि तो हिरावून घेण्याची माझी इच्छा नाही. तरीही उजवा पायच दोघांचे काम उरकत असेल, तर ते वेळीच कळायला हवे असे मला वाटते.

शेजारी बसून लक्ष दिल्यावर काही गोष्टी ध्यानात आल्या. उजवा पाय खाली जाताना यंत्राची घरघर चढते आणि डाव्याची पाळी आली की मंदावते. डावे पेडल तळाला पोचल्यावर मांडीचा पुढचा स्नायू सैल पडायला हवा, पण हात ठेवून पाहिले तर पेडल वर येत असतानाही तो टणकच लागतो. म्हणजे वर येणाऱ्या पेडलला डावा पाय उलट खाली रेटत असावा आणि उजव्याला तो विरोधही मोडून काढावा लागत असावा. शिवाय पाऊल पट्ट्याने बांधूनही डावा गुडघा बाहेरच्या बाजूला कलतो.

दुसरा पेच यंत्राचा भार वाढवण्याचा आहे. जास्त जोर लावल्यास स्नायूंचा ताठरपणा वाढेल, म्हणून भार अगदी हलका ठेवा, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. परंतु डेव्हिड ब्राउन आणि स्टीव्हन कॉट्झ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भार वाढवल्यावर दुबळ्या पायाचे काम वाढले, आणि स्नायूंची चुकीच्या वेळची हालचाल मात्र त्या प्रमाणात बिघडली नाही, असे आढळले होते. तो अभ्यास प्रयोगशाळेतला होता, त्यामुळे त्याच्या आधारावर मी घरी परस्पर काही बदलणार नाही. पण फिजिओथेरपिस्टशी हा विषय काढण्यापूर्वी जाणकारांचे मत ऐकायचे आहे.

उजवा पाय पेडलवरून काढून थोडा वेळ फक्त डाव्याने फिरवायला लावणे ही चाचणी म्हणून योग्य आहे का? तसे केल्यास वर येताना डाव्या पायाला उजव्याची कसलीच मदत मिळत नाही, त्यामुळे कंबर वाकडी करून पाय ओढण्याची चुकीची सवय लागेल अशी मला भीती वाटते. मोटर असलेल्या यंत्रावर, उदाहरणार्थ मोटोमेडवर, डाव्या-उजव्या पायाचा वाटा पडद्यावर दिसतो. असे यंत्र पुण्यात किंवा कोल्हापुरात कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का? आम्ही साताऱ्यात राहतो. महिन्यातून एकदा मोजणीपुरते तिकडे जाऊन बाकीचा सराव घरी करणे आम्हाला जमेल.

बसून केलेल्या या व्यायामात तोल सांभाळावा लागत नाही, म्हणून त्याचा चालण्यावर कितपत परिणाम होतो हे पाहण्यासाठी आम्ही दहा मीटर चालायला लागणारा वेळ अधूनमधून टिपून ठेवतो. त्याच्या जोडीला घरी करता येईल अशी आणखी एखादी मोजणी असल्यास जरूर सुचवावी. बाबांना नाडीचा वेग कमी ठेवणारी गोळी चालू आहे, त्यामुळे नाडीवरून श्रमाचा अंदाज येत नाही. सलग वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगाने ते पेडल मारतात.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे किंवा जे स्वतः या क्षेत्रात काम करतात, त्यांनी भार कधी व कशावरून वाढवला, आणि गुडघा बाहेर जाऊ नये म्हणून कोणता आधार वापरला, हे कृपया सविस्तर लिहावे.