अनुभव हवेत: पिल्लाला शू-शीची जागा कशी शिकवलीत?

अबोली (पुणे):
तीन आठवड्यांपूर्वी जिलबी आमच्या घरी आली. देशी, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. डॉक्टरांच्या अंदाजाने वय अडीच महिने. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे, तिथेच ही आणि हिची भावंडं जन्मली. आई गाडीखाली गेली. बाकीची पिल्लं कोणी कोणी नेली, ही एकटी मागे राहिली होती.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर चालवायचं नाही, पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गाचा) धोका असतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. ती त्याच्याकडे बघतही नाही. वीस वीस मिनिटं गॅलरीत थांबते, काही करत नाही आणि आत आली की थेट दारातलं काथ्याचं पायपुसणं गाठते. ते उचललं तर सासूबाई जपाला बसतात ती सतरंजी. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सतरंजी भिजत टाकली आणि पाटावर बसल्या. पण त्यांना गुडघ्यांमुळे पाटावर बसवत नाही, हे मला माहीत आहे, आणि पिल्लू आणायचा हट्ट माझा होता.

ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. काय चुकलं तेही लिहा.

खडीसाखर (नाशिक):
अबोली, आधी एक वही कर. आमचा लॅब्रॅडॉर दोन महिन्यांचा असताना मी आठ दिवस सगळं लिहून काढलं होतं: कधी खाल्लं, कधी पाणी प्यायला, कधी झोपला, कधी उठला, शू कधी, शी कधी. चौथ्या दिवशीच चित्र दिसायला लागलं. झोपेतून उठला की एक-दोन मिनिटांत शू. खेळ थांबला की शू. जेवण झालं की पाच ते वीस मिनिटांत शी. यात त्याचा खोडकरपणा काही नाही. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, माणसाच्या बाळाचंही तेच असतं.

पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, तितके तास ते दिवसा फार तर धरू शकतं, असा ढोबळ हिशोब आहे. ही कमाल मर्यादा झाली. मी त्या महिन्यात जागेपणी दर पाऊण तासाने उचलून नेत होते. रात्री अकराला, दोनला आणि पाचला गजर. दोनचा गजर तीन आठवड्यांनी बंद झाला.

आणि त्याच्याकडे बघायला शीक. आमचा नाक जमिनीला लावून एकाच जागी गोल फिरायला लागला की हातात जेमतेम दहा सेकंद असायचे. जागेवर झालं की तिथल्या तिथे, त्याच क्षणी खाऊ. मी ओट्यावरच्या डब्यातून आणायला जायचे तेव्हा त्याला वाटायचं की खाऊ घरात धावत येण्याचा आहे. मग उकडलेल्या चिकनचे हरभऱ्याएवढे तुकडे गॅलरीच्या खिडकीतच ठेवायला लागले.

निवडुंग (ठाणे):
पुसता कशाने, हे कोणी विचारलं नाही म्हणून लिहितो. आम्ही दीड महिना फिनाईलने पुसत होतो आणि पिल्लू रोज त्याच कोपऱ्यात जात होतं. आपल्याला फिनाईलचा वास येतो, त्याला त्याखालचा स्वतःचा वास येतच असतो. अमोनिया असलेलं क्लीनर तर अजिबात नको, मूत्रालाही तोच वास असतो. एन्झाइमवालं क्लीनर आणा. मूत्रातले वासाचे घटक ते तोडून टाकतं. टाकल्यावर दहा-पंधरा मिनिटं ओलं राहू द्यायचं, लगेच पुसलं तर उपयोग नाही.

मित्राने नोटा तपासायचा जांभळा टॉर्च दिला होता. रात्री दिवे घालवून हॉलमध्ये फिरवला. सोफ्याच्या मागच्या पायापाशी, शोकेसखाली, आम्ही स्वच्छ समजत होतो तिथे पिवळट-हिरवे डाग चमकले. एकूण अकरा. त्या रात्री अकराही जागा धुतल्या आणि आठवडाभरात फरक पडला.

माळरान (सातारा, आता पिंपरी):
माझा अनुभव मोठ्या कुत्र्याचा आहे, पण तुमच्या जिलबीला लागू पडेल असं वाटतं.

गावी आमचा वाघ्या सहा वर्षं अंगणात वाढला. सकाळी ओढ्याच्या कडेला गवतात जाऊन यायचा, कोणी काही शिकवलं नाही. वडील गेल्यावर आईला आणि त्याला पिंपरीला फ्लॅटवर आणलं. इमारतीभोवती सगळीकडे पेव्हर ब्लॉक. वाघ्या तिथे उभा राहायचा, माझ्याकडे बघायचा आणि परत लिफ्टकडे ओढायचा. पहिल्या दिवशी जवळजवळ वीस तास त्याने शू धरून ठेवली. पोट दगडासारखं लागत होतं. मला रडू यायचं बाकी होतं.

आई म्हणाली, "अरे, त्याच्या पायाला माती लागत नाहीये." मी स्कूटर काढली, नदीकाठाहून दोन घमेली माती आणि उपटलेलं गवत आणलं, पार्किंगच्या कोपऱ्यात ओतलं. वाघ्याने हुंगलं, पाय उचलला आणि कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. सेक्रेटरींना नंतर समजावून सांगितलं, त्यांनीही समजून घेतलं.

मग डॉक्टरांकडून कळलं की पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की झोपायची जागा सोडून बाजूला जायला लागतं, आणि आठ-नऊ आठवड्यांपर्यंत पायाखाली जे असतं, तीच त्याची जागा पक्की होत जाते. 'घर' आणि 'बाहेर' हा भेद आपला. त्याच्या पंजाला माती, गवत, कागद, कापड एवढंच कळतं. तुमची जिलबी त्या बांधकामावर कशावर जात होती, हे शोधता येईल का?

चांदणवेल (कोल्हापूर):
मला इथे एक कबुली द्यायची आहे. पंधरा वर्षांपूर्वी आमच्याकडे पामेरियन होती, सोनू. तेव्हा सगळे सांगायचे, नाक त्यात घासा आणि वर्तमानपत्राच्या सुरळीने एक द्या. मी तसं केलं. ती शू करायची थांबली नाही, फक्त माझ्यासमोर करायची थांबली. पलंगाखाली, कपाटामागे लपून करायची. बाहेर नेलं तरी मी पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला आहे म्हणून करायची नाही. मी ऑफिसमधून आले की कान पाडून भिंतीला चिकटायची आणि मी म्हणायचे, बघा, हिला केलेलं कळतंय.

कुत्र्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली नेमका हाच 'अपराधी चेहरा' तपासला. कुत्र्याने चूक केली असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा येतो, असं त्यात दिसलं. ते वाचलं तेव्हा सोनू जाऊन चार वर्षं झाली होती. ती भिंतीला चिकटायची ते माझ्या भीतीने.

आता जी आहे तिला मी एकदाही ओरडले नाही. चुकली तर गप्प उचलते आणि जागेवर नेते.

हिमगौरी (एडमंटन, कॅनडा):
आमचं पिल्लू नोव्हेंबरात आलं. बाहेर उणे वीस. पाय टेकले की एक पंजा वर, मग दुसरा. नवऱ्याने मागच्या अंगणातला एक चौकोन फावड्याने खरडून रोज बर्फाखालचं गवत उघडं ठेवलं, तेव्हा जमलं. दाराच्या मुठीला माहेरहून आणलेली घुंगरांची माळ बांधली होती. प्रत्येक वेळी बाहेर जाताना तिचा पंजा त्याला लावायचो. महिनाभरात ती स्वतःच वाजवायला लागली.

कवडसा (मुंबई):
सवय लागलेलं कुत्रं अचानक घरात करायला लागलं तर आधी डॉक्टर गाठा. आमची चार वर्षांची बीगल एका दिवसात चौदा वेळा बसली, दर वेळी चार थेंब. आम्ही दोन दिवस 'रुसली असेल' म्हणत घालवले. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. ते दोन दिवस तिला किती दुखलं असेल, हे मनातून जात नाही.

अबोली:
सगळ्यांचे मनापासून आभार. खडीसाखर, वही चालू आहे. निवडुंग, पायपुसणं टाकून दिलं आणि फरशी एन्झाइमने धुतली.

माळरान, तुमचं वाचून मी त्याच संध्याकाळी बांधकामावरच्या वॉचमनकाकांकडे गेले. ते म्हणाले, पिल्लं पाइपात झोपायची आणि कडेला ओल्या गोणपाटांचा ढीग होता त्यावर जायची. कॉलमला पाणी मारताना गुंडाळतात ती गोणपाटं. काथ्याचं पायपुसणं, जाडीभरडी सतरंजी, सगळं डोक्यात जुळलं. काकांनी एक जुनं गोणपाट दिलं. गॅलरीत अंथरून त्यावर पाणी शिंपडलं. जिलबीने चारही कोपरे हुंगले, मधोमध दोनदा गोल फिरली आणि बसली. माझ्या मुठीतला पनीरचा तुकडा घामाने ओला झाला होता, तोच दिला.

आज सतरावा दिवस. घरात फक्त तीनदा झालं, तिन्ही वेळा मी फोनवर होते. सासूबाई पहाटे पाचला उठतात, तेव्हा आता त्याच तिला गॅलरीत नेतात. सतरंजी परत अंथरली आहे.

लसीचा शेवटचा डोस पंधरा दिवसांनी आहे. नंतर खाली बागेत मातीवर न्यायचं तर गोणपाट एकदम बंद करू का?

माळरान:
एकदम नको. आधी गॅलरीतच गोणपाटावर मूठभर माती पसरायला लागा. डोस झाला की आदल्या दिवशीचा, न धुतलेला तुकडा सोबत न्या आणि बागेत एकाच झाडापाशी ठेवा. दर दोन-तीन दिवसांनी कात्रीने थोडा कमी करा. वाघ्याच्या वेळी मी उलट दिशेने हेच केलं होतं, रोज एक ओंजळ माती कमी करत. पूर्ण महिना लागला.