भूकंपात आरसीसी इमारत पडते ती कमी लोखंडाने की चुकीच्या रिंगांनी?

साइट इंजिनिअर, जळगाव: परवा एका साइटवर कॉलम पाहिले. रिंगा म्हणजे उभ्या गजांना बाहेरून आवळणाऱ्या लोखंडी कड्या. त्यांच्या टोकांचे हूक काटकोनात वळवलेले, आणि बीम कॉलमला मिळतो त्या जोडात एकही रिंग नाही. ठेकेदार म्हणे, "साहेब, लोखंड भरपूर टाकलंय." माझं ठाम मत आहे, कॉलम वाचतो तो रिंगांवर. मोठ्या हादऱ्यात गजांवरचं काँक्रीटचं कव्हर आधी गळतं. मग काटकोनातला हूक उघडतो, उभे गज बाहेर वाकतात, आतलं काँक्रीट फुटतं आणि मजले एकावर एक बसतात. हूक १३५ अंशांत आत वळवला तर सुटत नाही. आयएस १३९२० मध्ये, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या आरसीसी बांधकामाच्या भारतीय मानकात, हे १९९३ पासून लिहिलेलं आहे!

घरमालक, धुळे: भाऊ, आपल्याकडे कुठे भूकंप? किल्लारीला पडली ती दगडमातीची घरं. लोखंड-सिमेंटच्या भावाने आधीच कंबरडं मोडलंय, त्यात ही भीती कशाला?

साइट इंजिनिअर: दादा, १९३८ ला सातपुड्यात ६ रिश्टरच्या वरचा धक्का बसलाय. आणि २६ जानेवारी २००१ आठवा. केंद्र कच्छमध्ये, अहमदाबाद तिथून २०० किलोमीटरच्या पलीकडे, तरी तिथले आरसीसी अपार्टमेंट कोसळले. बऱ्याच ठिकाणी खाली मोकळं पार्किंग, वर विटांच्या भिंती. वरचं सगळं ताठ, म्हणून सगळा हिसका खालच्या कॉलमवर. धुळ्यात आज असंच बांधतात ना?

निवृत्त ओव्हरसीअर, भुसावळ: सगळं रिंगांवर ढकलू नका. माल पातळ करायला पाणी ओततात, व्हायब्रेटर नीट फिरवत नाहीत. फळ्या काढल्या की जोडाशी खडी उघडी दिसते. त्या काँक्रीटला रिंग काय धरणार?

साइट इंजिनिअर: आबा, पाण्याचं शंभर टक्के खरं. पण चांगल्या मालाचा कॉलमही रिंगांविना एकदम फुटतो. रिंगांनी आवळलेला असेल तर तडकतो, वाकतो, पण उभा राहतो. तेवढ्यात माणसं बाहेर पडतात.

फिटर, अमळनेर: जोडातल्या रिंगा आम्ही सोडतो, हे कबूल. बीमचा पिंजरा वर बांधून खाली सोडतो, मग रिंग शिरत नाही. आधी रिंगा ओवून बीमचे गज एकेक घालायचे तर अख्खा दिवस जातो, आणि आमचा दर किलोवर. तुम्ही साहेब लोक स्लॅबच्या दिवशी येता, तोवर सगळं झाकलेलं असतं.

साइट इंजिनिअर: मग त्या दिवसाची मजुरी मालकाने वेगळी द्यावी, आणि मी बीम बांधायच्या आधी येतो.

घरमालक, धुळे: एका दिवसाची मजुरी मी देईन. पार्किंग मात्र सोडणार नाही.