दृश्यांचा थाट आणि कथेची आबाळ

प्रश्न (परभणी): गेल्या आठवड्यात नांदेडला एक भव्य चित्रपट पाहिला. शहरे कोसळली, समुद्र उसळला. मात्र नायक हे सारे कशासाठी करतो, ते घरी परतेपर्यंत उमगले नाही. दृश्यपरिणामांमुळे कथा दुबळी होते, असे आपणांस वाटते का?

उत्तर (लातूर): दोष तंत्राचा नसावा. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये दोन तासांहून अधिक अवधीत डायनासोर जेमतेम १५ मिनिटे दिसतात, खरी धास्ती भरते ती पेल्यातल्या पाण्यावर उठणाऱ्या वलयांनी, कारण तेथे दिग्दर्शकाने दाखवण्यापेक्षा राखून ठेवण्यावर भर दिला आहे.

उत्तर (पैठण): सहमत. प्रभातच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्येही चमत्कार आहेत, पण अखेरचे वैकुंठगमन काळजाला भिडते, कारण तोवर आपण आवलीच्या त्राग्यात आणि संसाराच्या ओढाताणीत पुरते गुंतलेले असतो.

उत्तर (बीड): मी थोडा असहमत आहे. पैसा दृश्यांत अडकला की संकलकाचे हात बांधले जातात. कथेला नको असलेले महागडे दृश्य कापण्याचे धाडस निर्माता सहसा करीत नाही, आणि कात्री लागते ती संवादांना.

प्रश्नकर्ता: त्या चित्रपटात नेमके तेच झाले असावे.