इंग्रजीच्या तासाला प्रश्न विचारला की वर्ग गप्प. काय करावं?

पाटीपुस्तक:
नमस्कार. यंदा पहिल्यांदाच सातवीला इंग्रजी शिकवते आहे. मराठी माध्यम, वर्गात पन्नासेक मुलं. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे तेच तीन-चार हात वर येतात, बाकीच्या माना खाली. एक मुलगी वहीत स्वतःच्या मनाने पाच-सहा ओळी छान लिहिते, पण उभं केलं की तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. गट पाडून काम दिलं तर सगळी चर्चा मराठीत. 'ही गोज'चं 'ही गो' काही केल्या जात नाही. नियम विचारला तर घडाघडा सांगतात आणि पुढच्याच वाक्यात परत 'ही गो'. वरून सूचना आहे की तासाला मराठीचा एक शब्दही नको. मुलं हुशार आहेत हो, म्हणून जास्त वाईट वाटतं. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

निळी शाई:
मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या करा आणि डब्यातून उचला. त्याच चार हातांवर वर्ग चालणं बंद होईल. मराठी मात्र खरंच बंद ठेवा. एकदा सवलत दिली की मुलं इंग्रजीकडे वळत नाहीत.

तिसरा बाक:
ताई, चिठ्ठ्या जरूर करा, पण चिठ्ठी कधी उचलता यावर सगळं आहे. आधी नाव पुकारून मग प्रश्न विचारला तर उरलेली एकोणपन्नास मुलं त्याच क्षणी सुटतात. आधी प्रश्न, मग थांबणं, मग चिठ्ठी.

हे थांबणं फार मोलाचं आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण 1 सेकंदच थांबत होते. ती वेळ 3 सेकंदांच्या वर गेली तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. आपल्या मुलाला तर प्रश्न परभाषेत समजून घ्यायचा, उत्तर शोधायचं आणि ते परभाषेत जुळवायचं, एवढं सगळं करायचं असतं. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो. सुरुवातीला ती शांतता अंगावर येते, पण त्या वेळात मुलांची डोकी चालू असतात. त्यांना ती शांतता मिळालीच पाहिजे, याबाबतीत मी हट्टी आहे.

मग लगेच उभं करायचं नाही. उत्तर आधी शेजाऱ्याला सांगायचं, मग वर्गाला. फ्रँक लायमन यांनी 1981 साली मांडलेली 'थिंक-पेअर-शेअर' पद्धत ती हीच. तुमच्या त्या मुलीसाठी मी आणखी एक पायरी घालेन: तिने लिहिलेलं वाक्य तिने शेजारणीला वाचून दाखवायचं आणि शेजारणीने वर्गाला सांगायचं. काही दिवसांनी तिने स्वतः, पण वहीत बघून आणि बसूनच. उभं राहण्याची सक्ती कशाला? तिचं इंग्रजी तयार आहे, तिला भीती आहे ती पन्नास जोड्या डोळ्यांची.

प्रश्नही बदलून बघा. पाठातलं चित्र दाखवून 'व्हॉट इज द मॅन डुइंग?' विचारलं की एकच बरोबर उत्तर असतं, आणि ते चुकेल म्हणून मुलं तोंड उघडत नाहीत. त्याऐवजी मी चित्राबद्दल धडधडीत खोटं बोलतो. माणूस बसची वाट बघत उभा आहे, मी म्हणतो, 'द मॅन इज स्लीपिंग.' मागच्या बाकावरून आवाज येतो, 'नो सर! ही स्टँडिंग!' त्यातला 'इज' गळालेला असतो. गळू दे. मी तेवढ्यात पुढचं खोटं बोलतो, 'द बस इज ग्रीन.' मूल चूक दुरुस्त करायच्या भरात स्वतः बोलून जातं.

पाटीपुस्तक:
सर, खोटं बोलण्याची युक्ती उद्याच करते. पण 'इज' गळला तरी सोडून द्यायचं? मग ती चूक पक्की नाही का होणार?

तिसरा बाक:
चुकीची वेळ बघायची. मूल अर्थ सांगायच्या ओघात असताना मी अडवत नाही. हातात कागद असतो, त्यावर वाक्यं टिपतो. शेवटच्या पाच मिनिटांत त्यातली चार फळ्यावर, कुणाचंही नाव न घेता. दुरुस्ती वर्गाने करायची.

व्याकरणाचाच तास असेल तर लगेच थांबवतो, पण बरोबर रूप मी सांगत नाही. 'ही...?' म्हणतो आणि थांबतो. मूल स्वतः 'गोज' म्हणतं. लिस्टर आणि रांटा यांनी 1997 साली कॅनडातल्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलांच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षक बहुतेक वेळा मुलाचं वाक्य नुसतं सुधारून परत म्हणत, आणि त्यावर मुलं स्वतःचं वाक्य फार कमी वेळा दुरुस्त करत. मुलांकडूनच काढून घेतलं की दुरुस्ती जास्त होई.

आणि 'ही गो'साठी मुलांना बोल लावू नका. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्या पोरांनाही हा 'एस' उशिरा येतो. रॉजर ब्राउन यांनी तीन मुलांचं बोलणं दीर्घकाळ नोंदवून 1973 साली मांडलं की 'आयएनजी' आणि अनेकवचनाचा 'एस' आधी येतात, क्रियापदाचा 'एस' बराच मागून. नियम पाठ असणं वेगळं आणि तो बोलताना जिभेवर येणं वेगळं. वहीत मात्र आग्रह धरा, तिथे मुलाला परत वाचून बघायला वेळ असतो.

रात्रशाळा:
मी प्रौढांना शिकवते. निळी शाई, मराठीबद्दल तुमच्याशी सहमत नाही. खेळाचे नियम इंग्रजीतून समजावण्यात दहा मिनिटं गेली तर खेळायला पाचच उरतात. मी सूचना एकदा सोप्या इंग्रजीत देते, मग कुणाला तरी 'आता काय करायचंय ते मराठीत सांग' म्हणते. कोणाला कळलं नाही तेही तिथेच समजतं. 'ओपन युवर बुक्स', 'वर्क इन पेअर्स' ही रोजची वाक्यं मात्र कायम इंग्रजीतच, भाषांतर न करता.

गटात मराठी होते कारण ते काम मराठीत पूर्ण होऊ शकतं. काम असं द्या की इंग्रजी शब्द तोंडातून गेल्याशिवाय ते सुटणारच नाही. जोडीतल्या एकाकडे वेळापत्रकाचा अर्धा भाग, दुसऱ्याकडे उरलेला. एकमेकांचा कागद बघायचा नाही, विचारून रकाने भरायचे. लागणारे दोन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवायचे. कच्च्यांना तो आधार पुरतो, पक्के आपोआप जास्त विचारतात.

तिसरा बाक:
यात एक भर. गटकाम केलंच पाहिजे असंही नाही. एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत जो प्रकल्प चालवला, त्यात नकाशे, रेल्वेची वेळापत्रकं अशीच कोडी होती. पण गटकामावर त्यांचा भर नव्हता. शिक्षक एक कोडं सगळ्या वर्गाबरोबर बोलत सोडवी, मग तसंच दुसरं मुलांनी एकेकट्याने सोडवायचं. मुलांनी आपसात मोडकंतोडकं बोलण्यापेक्षा शिक्षकाचं चांगलं इंग्रजी कानावर पडावं, असा विचार. पन्नासच्या वर्गात मला हे फार पटतं. शिवाय गोंगाट नाही, त्यामुळे शेजारच्या वर्गाची तक्रारही नाही.

निळी शाई:
सूचना मराठीत वदवून घेण्याची रीत पटली. करून बघते.

पाटीपुस्तक:
सगळ्यांचे आभार. एकच विचारायचं राहिलं. वेळापत्रकाचे कागद पन्नास जणांसाठी कसे पुरवायचे? झेरॉक्स दर वेळी शक्य नाही.

रात्रशाळा:
झेरॉक्स लागत नाही. जोडीतल्या एकाने फळ्याकडे तोंड करायचं, दुसऱ्याने पाठ. अर्धं वेळापत्रक फळ्यावर, उरलेलं अर्धं मागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात. दोघांनी वहीत रकाने आखून ठेवायचे. मागच्या कागदावरची अक्षरं पहिल्या बाकावरून दिसतात का, तेवढं तास सुरू व्हायच्या आधी स्वतः तिथे बसून बघा.